तहसील कचेरीतली चिंच आणि उजनीचं पाणी

इंदापूरच्या तहसील कचेरीत फेब्रुवारी-मार्चमध्ये काम निघालं तर गाडी चिंचेखाली लावायची नसते. हे पहिल्या खेपेला कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. तासाभराने बाहेर आलो तर सीटवर चुन्याचा सडा पडलेला आणि चाकाशेजारी धुळीत एक चिलापी मासळी, डोक्याकडून विरघळलेली, शेपूट मात्र शाबूत. वर मान केली तर जुन्या चिंचांवर चित्रबलाकांची वसाहत. पिवळी लांब चोच, काळ्या-पांढऱ्या पंखांना शेपटीकडे गुलाबी झाक, आणि प्रत्येक काटक्यांच्या घरट्यातून पिल्लांचा एकसारखा कलकलाट. खाली मुद्रांक घेणारे, दाखल्यासाठी ताटकळणारे, चहावाले, वकील. कुणीही वर बघत नव्हतं.

ही चिलापी उजनी धरणाची होती. कचेरीपासून काही किलोमीटरवर भीमेच्या फुगवट्यात धरलेली, पोटात घालून आणलेली आणि पिल्लाच्या तोंडातून निसटलेली. म्हणजे ज्या पक्ष्याला बघायला पुण्या-मुंबईहून लोक महागड्या लेन्सा घेऊन उजनीकाठच्या भिगवणला येतात, त्याचं घर सरकारी कचेरीच्या आवारात आहे आणि जेवण पाटबंधारे खात्याच्या धरणात. यातली एकही जागा अभयारण्य नाही.

दर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे फोटो छापून आले की 'उजनीला पक्षी अभयारण्य करा' ही मागणी डोकं वर काढते, आणि काठच्या गावांतून तितक्याच नेमाने तिला विरोध होतो. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. अभयारण्य नको, हे मासेमारांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यातून पुढे जो अर्थ निघतो, की मग काहीच नको, आहे ते ठीक चाललंय, तो मला मान्य नाही.

आधी पक्ष्यांबद्दल थोडं. 'मासेखाऊ पाणपक्षी' असं एका दमात म्हटलं की ती एकच जमात वाटते. तशी ती नाही. पाणकावळा बुडी मारून माशाचा पाठलाग करतो, त्याला खोल पाणी चालतं. तिरंदाजही बुडतो आणि त्याची पिसं पार भिजतात. शिकार झाली की पंख पसरून वाळवायला त्याला उन्हातलं एखादं बोडकं खोड लागतं. राखी बगळा काठाच्या पाण्यात तासन्‌तास खांबासारखा उभा राहील. चित्रबलाक तर मासा डोळ्यांनी शोधतच नाही. अर्धी उघडी चोच गढूळ पाण्यात बुडवून तो चालत राहतो, आणि मासा चोचीला लागला की चोच मिटते. पाय टेकतील इतकंच पाणी त्याच्या कामाचं. त्यापलीकडे धरणात शंभर टीएमसी (अब्ज घनफूट) असलं तरी त्याच्या लेखी ते नाही. नदी सुरय वरून सूर मारतो आणि अंडी घालतो उघड्या वाळूवर किंवा खडकाळ बेटावर. कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि पाण्यावर कोसळतो, पण त्याचं बीळ उभ्या मातीच्या दरडीत असतं. रातबगळ्याची पाळी बाकीच्यांची सुटल्यावर सुरू होते.

एका नदीवर या सगळ्यांनी नांदायचं तर खोल डोह, उथळ काठ, वाळूचं बेट, उभी दरड, बुडालेलं झाड आणि गावातली जुनी चिंच हे सगळं एकमेकांपासून उडून जाता येईल इतक्या अंतरावर असावं लागतं. पक्ष्यांची विविधता ती एवढीच. कुठल्या तुकड्याभोवती कुंपण आहे, याच्याशी तिचा संबंध आपण समजतो त्याहून बराच कमी आहे.

महाराष्ट्रात याची तुलना करायला दोन जागा हाताशी आहेत, आणि दोन्ही माणसानेच बांधलेल्या. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा झाला, शेतीला पाणी द्यायला. त्यामागे गाळ साठला, पाणकणीस माजलं, बेटं तयार झाली आणि पक्षी आले. नांदूर मध्यमेश्वरला १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. राजस्थानातल्या नावाजलेल्या पक्षी उद्यानावरून लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. दुसरीकडे १९८० साली पुरं झालेलं भीमेवरचं उजनी. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळातलं पाणी. तेही शेतीसाठीच, पण त्याला अभयारण्याची पाटी नाही.

दोन्हीकडे पक्ष्यांच्या याद्या घेऊन बसलं आणि नुसत्या जाती मोजल्या, तर निकाल काय लागेल त्यात मला फार रस नाही. नांदूरचं पाणी उथळ, दलदलीचं, गवताळ. तिथे जांभळ्या बगळ्याला पाणकणसात लपायला मिळतं, हिवाळ्यात बदकांची दाटी होते. उजनीचं पाणी मोकळं. तिथे पाणकावळ्यांचे थवेच्या थवे, सुरय, बुडालेल्या बाभळींवर बसलेले तिरंदाज. जवळच्या भादलवाडीच्या तलावात पाण्यात उभ्या झाडांवर चित्रबलाकांची दुसरी वसाहत. एक जागा दुसरीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून 'नांदूर राखलंय ना, मग झालं' हे उत्तर होत नाही.

मोजणीचाही एक घोटाळा सांगायला हवा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते. स्थलांतरित बदकांसाठी तो महिना उत्तम. पण आपल्या इथल्या मासेखाऊ पक्ष्यांची खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. चित्रबलाकाची पिल्लं घरट्यात, सुरयाची अंडी तापलेल्या वाळूत, आणि धरणाचं पाणी रोज खाली. त्या वेळी दुर्बिणवाले घरी कूलरसमोर असतात. (यात मीही आलो.)

उजनीच्या उन्हाळ्यात एक गंमत आहे, ती कुणी योजलेली नाही. पाणी उतरतं तसा काठ रोज थोडा आत सरकतो आणि दर आठवड्याला नवा उथळ पट्टा उघडा पडतो. त्यात डबकी राहतात, डबक्यांत मासळी अडकते. नेमकी तेव्हाच इंदापूरच्या चिंचेवर पिल्लं खा-खा करत असतात. पिल्लू उडायला साधारण दोन महिने लागतात, आणि ते दोन महिने त्याला पोसतं ते धरणाच्या उतरत्या पाण्याचं वेळापत्रक. ऊस आणि चित्रबलाक एकाच आवर्तनावर, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीवर, जगतात असं म्हटलं तर दोघांच्याही चाहत्यांना राग येईल, पण तसंच आहे.

मात्र उतार फार झाला की हाच हिशेब उलटतो. आमच्याकडे 'उजनी मायनसमध्ये गेली' असं म्हणतात, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरली. पळसदेवचं जुनं मंदिर पायथ्यापर्यंत उघडं पडलं, लोक सहकुटुंब बघायला गेले, रिळं झाली. त्याच वेळी सुरयांची बेटं बेटं राहिलेली नसतात. कुत्री कोरड्या पायांनी अंड्यांपर्यंत पोचतात, गाळपेरीचे ट्रॅक्टर पोचतात आणि वाळूवालेही. भीमेच्या पात्रातल्या वाळूचोरीबद्दल नवीन काय सांगायचं? महसूल खातं बोटी पकडतं, जिलेटिन लावून उडवतं, त्याचे फोटो छापून येतात, आणि थोड्या दिवसांनी नव्या बोटी. वाळू हे सुरयाचं घरटं आहे, हे या कारवाईच्या कुठल्याही कागदावर नसतं.

आता चिलापी. मोझांबिकची ही मासळी भारतात १९५२ साली आणली गेली आणि आज उजनीच्या मासळीबाजारात तिचंच राज्य आहे. पिल्लं तोंडात सांभाळते, पाणी घाण असलं तरी तगते, भराभर वाढते. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं, त्यामुळे शेवाळाला खत कमी नाही आणि चिलापीला खाणं कमी नाही. पाणकावळे वाढतात, लोक म्हणतात, बघा, पक्षी किती! मला या भरभराटीची धास्ती वाटते. एका शहराच्या मैल्यावर आणि एका परक्या माशावर उभी असलेली गर्दी म्हणजे विविधता नव्हे. पाणकावळ्यासारख्या मिळेल तो मासा खाणाऱ्याला ती मानवते. पण ज्याला काठच्या गवतातली बारीक देशी मासळी लागते, स्वच्छ पाण्यात वरून दिसणारा मासा लागतो, त्या पक्ष्यांचं काय? त्यांची घट या गर्दीत दिसतसुद्धा नाही. त्यात बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटभर पिल्लंही उचलली जातात आणि पुढच्या वर्षीचा मासा या वर्षीच सुकटीत जातो. याची तक्रार सगळ्यात आधी जुने मासेमारच करतात, पक्षीमित्र नव्हेत.

या सगळ्यावर कायदा काय म्हणतो? २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत व्याख्येतच लिहिलंय की नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना पाणथळ जागा धरायच्या नाहीत. त्याआधीच्या, २०१० सालच्या नियमांत जलाशय धरलेले होते. सात वर्षांत ते बाहेर गेले. म्हणजे भीमेचं पात्र पाणथळ नाही आणि उजनीचा जलाशयही नाही. लाखभर पक्षी उतरले तरी नाही. आणि ज्या नांदूरला आपण जगाच्या यादीत मिरवतो तोही मुळात सिंचनाचाच बंधारा. त्याला आधीच वन्यजीव कायद्याचं छत्र मिळालं होतं, म्हणून तो वाचला. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. इथले पाणपक्षी बंधाऱ्या-तलावांवरच जगतात. पाटबंधाऱ्याचं पाणी वगळून इथल्या पाणथळ जागा राखायच्या, म्हणजे घर सोडून नुसता पत्ता राखण्यासारखं झालं.

मग अभयारण्यच का करू नये? उजनीच्या काठावर करमाळा आणि माढा हे तालुके येतात. तिथल्या माणसासमोर 'अभयारण्य' हा शब्द काढून बघा. १९७९ साली माळढोकसाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्यात शेतं आली, गावं आली, बाजारपेठा आल्या. जमिनीचे व्यवहार आणि परवानग्या वर्षानुवर्षं अडकल्या. शेवटी क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं, तोवर माळढोक जवळपास दिसेनासा झाला होता. लोकांच्या मनात राग राहिला आणि पक्षीही राहिला नाही. या आठवणीवर उजनीत आणखी एक पाटी ठोकायची, हे पक्ष्याच्याच मुळावर येईल.

आणि पाटी लागल्यावर तरी काय होतं, तेही बघावं. नांदूरला नाशिकचं सांडपाणी गोदावरीतून येतंच, पाणवेलींना ते खतच. बंधाऱ्यातून आवर्तन सुटलं की पातळी एकदम बदलते. अभयारण्यात येणारा किंवा त्यातून जाणारा पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वळवू, थांबवू किंवा वाढवू नये, असं वन्यजीव कायद्याचं २९ वं कलम सांगतं. पण कालव्याचा दरवाजा उघडणारा हात वनखात्याचा नसतो. पैठणचं जायकवाडीही १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथल्या नाथसागरावर तरंगत्या सौरपॅनेलचा मोठा प्रकल्प आखला गेला, तेव्हा स्थानिक मासेमार समाजाची समिती हरित लवादापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२५ मध्ये तिथेही दाद लागली नाही. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. लक्षात राहिलं ते वेगळंच. अभयारण्याच्या पाण्यासाठी भांडायला उभे राहिले ते जाळंवाले.

खुद्द भरतपूरचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. राष्ट्रीय उद्यान झालं, १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली, गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं ते असं की म्हशी गेल्यावर गवत माजलं, उघडं पाणी गुदमरलं आणि पाणपक्ष्यांची जागाच कमी झाली. ज्याला आपण उपद्रव समजून बाहेर काढलं, तोच काठ मोकळा ठेवत होता. उजनीतले मासेमार आणि तिथल्या म्हशी यांच्याबद्दल बोलताना हे विसरू नये, एवढंच माझं म्हणणं. ते नेहमीच उपकारक असतात असा दावा मी करत नाही; बारीक जाळ्यांचं वर सांगितलंच.

अभयारण्य ही कल्पना मुळात शिकारीवरचं उत्तर होती. शिकारीला आला त्याची बंदूक काढून घ्यायची. आज उजनीत चित्रबलाकाला बंदुकीची भीती जवळजवळ नाही. त्याचा प्रश्न आहे पाण्याची पातळी, काठ, मासा आणि झाड. या चारही गोष्टी चार वेगवेगळ्या खात्यांच्या ताब्यात आहेत आणि त्यांत वनखात्याकडे बहुधा एकही नाही.

वन्यजीव कायद्यातच २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्र हा एक मवाळ प्रकार आला. तो शासनाच्या मालकीच्या जागेत, स्थानिक लोकांशी चर्चा करून करायचा, आणि त्यात अभयारण्यासारखी सरसकट बंदी आपोआप लागत नाही. उजनीची बुडीत जमीन शासनाचीच आहे. सगळा जलाशय नको. सुरयांची बेटं, भादलवाडीसारख्या वसाहतींच्या भोवतालचं पाणी, काठावरच्या कुंभारगावच्या बाजूचे काही उथळ खण, एवढं पुरे. बेटांवर मार्च ते मे पाय ठेवायचा नाही, बाकीचे महिने जाळं टाका. अशा क्षेत्राची समिती कशी असावी हे कायद्याने ठरवलंय. वनखातं, ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी, तीन स्वयंसेवी संस्था, कृषी आणि पशुसंवर्धन. वाचताना मला हसू आलं. पाणपक्ष्यांच्या क्षेत्रासाठीसुद्धा त्या यादीत मत्स्य खातं नाही आणि पाटबंधारेही नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जंगलच होतं.

म्हणून मला खरी जागा वेगळीच दिसते. उजनीचं पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथे आमदार असतात, कारखानदार असतात, कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात, सोलापूरच्या पिण्याच्या पाण्याचा विषय असतो. भांडण कडक होतं, आणि ते व्हायलाच हवं. त्या टेबलाला मासेमार संस्थांची एक खुर्ची द्यावी, आणि उन्हाळ्यात पातळी कोणत्या आठवड्यात किती उतरणार याचा तक्ता आधी जाहीर करावा. चित्रबलाकासाठी थेंबभरही जास्त पाणी मागायचं नाही. पाणी उतरणारच आहे, फक्त ते दणकन न उतरता टप्प्याटप्प्याने उतरावं. एकदम उतरलं तर डबक्यांतली मासळी दोन दिवसांत उन्हाने मरते, ती ना पक्ष्याला मिळते ना मासेमाराला.

झाडांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, निदान कागदावर. नागरी भागातल्या झाडांच्या कायद्यात २०२१ ची दुरुस्ती पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानते. कचेरीतल्या चिंचा त्यात सहज बसतील. पण रस्ता रुंद करायचा, नवी इमारत बांधायची म्हटलं की जुनं झाड आधी 'धोकादायक' होतं, हा आपला नेहमीचा अनुभव. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ साली महामार्गासाठी एक झाड घरट्यांसकट पाडलं गेलं आणि पाणपक्ष्यांची पिल्लं रस्त्यावर सांडली. इंदापुरात अजून तसं काही झालेलं नाही. विष्ठेचा वास येतो, कपडे खराब होतात, तरी लोक सहन करतात. याचं श्रेय कुठल्याच खात्याला नाही. तमिळनाडूतल्या वेदांथंगलच्या शेतकऱ्यांना तर ही विष्ठा हवीच असते. तळ्यावरच्या झाडांवर पक्षी बसतात, तळ्याचं पाणी खतावतं आणि तेच पाणी भाताला जातं. तिथल्या पक्ष्यांना संरक्षण अठराव्या शतकाच्या अखेरीस मिळालं, ते गावाने मागितलं म्हणून.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. पाणकावळा मासेमाराचं खरंच नुकसान करतो. मासेमार संस्थेने पैसे घालून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडावी आणि थव्याने ती सकाळी सकाळी उचलावी, हे बघणाऱ्याला विविधतेचं कौतुक सांगायला जाऊ नये. पिंजऱ्यांतल्या मत्स्यपालनाला वरून जाळी लावता येते, पण तो खर्च येतो, आणि मोकळ्या पाण्यात तर तीही सोय नाही. कुंभारगावात पहाटे पर्यटकांना रोहित दाखवणारी होडी आणि रात्री जाळं टाकणारी होडी पुष्कळदा एकाच घरची असते. त्या घराला पक्षी परवडतो. शेजारच्या घरात नुसतं जाळंच आहे, आणि तिथे पाणकावळा फक्त खर्चाच्या बाजूला लिहिला जातो. पर्यटकांकडून घेतलेल्या फेरीच्या पैशातला काही वाटा मासेमार संस्थेच्या बीजखात्यात वळवावा, असं मी काठावरच्या दोन-तीन जणांशी बोलून पाहिलं. होडीवाल्यांना ते पटलं नाही. जाळंवाल्यांनी विचारलं, वाटा ठरवणार कोण?